वादी कबीर

स्पेन मी पाहिला तो खोक्यांच्या बाजूंवर.
मस्कतच्या हॉटेलात, भटारखान्याखाली सोळा पायऱ्या उतरून
तळघर चौदा अंशांवर, माझ्या अंगात स्वेटर,
आणि वर धक्क्यावर जून गाड्यांचे टायर मऊ करतोय.

रिओखा सगळ्यात जास्त खपते, म्हणून दाराजवळ.
पहिलं वर्षभर मी रिओजा म्हणत होते.
आरांचा, आमची शेफ, कपाळाला हात लावायची:
ख म्हण, ख.
म्हटला. तिला हवा होता तो खटाऱ्यातला नव्हता,
खाकरतानाचा होता.
खल्फानला पहिल्याच दमात जमला.
त्याच्या नावाचीच सुरुवात तिथून.

खल्फान कस्टमचा. बाटल्या पेनाच्या टोकाने मोजतो,
बोट लावत नाही.

प्रिओरातच्या खोक्यावर काळा दगड,
पाटीचा, थुंकी लावून पुसायचो तसला,
त्यात म्हणे वेली मुळं रोवतात.
रियास बाइशासच्या खोक्यावर दगडी खांब
आणि खांबांवर मांडव.
मांडव!
मी खोकं उजेडाकडे फिरवून पुन्हा पाहिलं.
तासगावला आमचा असाच, फक्त अँगल लोखंडी,
आणि खाली माना वर करून बाया,
एकेक घड मग्यात बुडवत पुढे सरकणाऱ्या.
त्यांत आई कुठली, हे फक्त बांगड्यांवरून कळायचं.

हेरेसची गोष्ट आरांचाने तासभर सांगितली.
पिंपांवर पिंपं. तळातल्यातून थोडं काढायचं,
वरच्यातलं त्यात ओतायचं,
पण रिकामं करायचं नाही, कधीच नाही,
शंभर वर्षांपूर्वीचा एखादा थेंब आत असतोच.
मी म्हटलं, विरजण.
ती म्हणाली, छे, तसं नाही.
मग बराच वेळ लसूण सोलत राहिली आणि म्हणाली,
थोडं तसंच.

त्या वर्षी रमजान जूनमध्ये आला.
बारवर पडदा, तळघराला कुलूप,
मी दिवसातून दोनदा अंश बघून यायची, बस.
पण जहाजाला कुठला महिना ठाऊक?
चाळीस खोकी, दुपारी दोनला, धक्क्यावर.
खल्फानचे ओठ पांढरे पडलेले.
एका खोक्यावर नकाशा होता, खाली समुद्र, त्यात उतरणारी नदी.
वाचून दाखव म्हणाला. वाचलं: ग्वादलकिविर.
त्याने कागदापासून वीतभर वर
पेन नदीवरून तोंडापासून उगमापर्यंत नेलं.
अल-वादी अल-कबीर, म्हणाला.
आमचाच शब्द. राहिलाय तिथे.

वादी कबीरला तर मी राहते.
टायरवाल्याच्या वर, दोन नर्सेससोबत एका खोलीत.
नदी आहे म्हणतात. मी पाहिली ती फक्त वाळू,
एकदाच पाणी आलं, आणि एक पिकअप घेऊन गेलं.

हे त्याला सांगत होते, तेवढ्यात
तळाचं खोकं ओलं होतं ते सुटलं.
पेद्रो हिमेनेस. एक बाटली.
काळं, घट्ट, सिमेंटवरून काकवीसारखं
सावकाश निघालं, कुठे जावं हे न ठरवता.

आणि वास.
उन्हात घातलेल्या द्राक्षांची करतात ती, मला माहीत होतं,
पण माहीत असणं वेगळं.
बेदाण्याची शेड होती ती. जाळीवर जाळी,
दुपारची झोप, आणि मोजायला बसलेले आप्पा
बोटं चाटून परत मोजणारे.

कसला वास, खल्फानने विचारलं.
चुकून ओढला गेलेला श्वास
त्याने परत सोडला नव्हता अजून.
बेदाण्याचा, मी म्हटलं.
तो म्हणाला, नाही, खजुराचा.
निझवाला आजोबांच्या कोठीत पोत्यांवर पोती असायची,
खालच्या पन्हळीतून पाक गळायचा रात्रभर.
आम्ही दोघं तिथेच उभे.
माझं खरं की त्याचं,
हे ठरवायला एक थेंब पुरला असता
आणि तो घेणार नव्हता.
मीही नाही घेतला.

मग त्याने कागदावर लिहिलं, फुटली: एक.
तारीख, सही, शिक्का.
अजानला अजून पाच तास होते.

मी पाणी मारलं, तीन बादल्या. मुंग्या तरी आल्याच.
रात्री वादी कबीरच्या जिन्यात
माझी चप्पल प्रत्येक पायरीला
जरा थांबून सुटत होती.